मनाचे आजार व बोलण्याचा उपचार

एका पिढीपूर्वी चाकणचे नाव निघाले म्हणजे आमच्या खेड्यांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढे कांद्या-बटाट्यांचा बाजार आणि संग्रामदुर्गाचा पडका तट उभा राहत असे. आज तेच नाव निघाले म्हणजे कारखाना आठवतो. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला व पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्यानंतरच्या दशकात टेल्को व बजाज ह्यांचे मोठे कारखाने आले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांची रांग भोसरी व मोशीकडून चाकणपर्यंत पोहोचली, आणि २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना तेथे सुरू झाला. २००१ च्या शिरगणतीत महानगराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११ साली ती १७ लाख २७ हजारांवर गेली.

ही वाढ झाली ती खेड्यांतून गेलेल्या माणसांची झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश ह्या मुलखांतील हजारो तरुण तेथे पाळीवर उभे आहेत, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा मुलगा, भाऊ किंवा जावई त्यांत आहे. तो नाताळास किंवा लग्नकार्यास घरी येतो, तेव्हा कधी कधी आई म्हणते, “पोरगा बदलला.” तो बोलत नाही, जेवत नाही, रात्रभर जागा असतो, उपासनेस येण्याचे टाळतो. मग घरात व मंडळीत तीन तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, शहरात राहून आळशी झाला. कोणी म्हणतो, विश्वासात थंड पडला. चौथा तर्क फार थोड्यांना सुचतो. तो हा की, पोरगा आजारी आहे, त्याच्या आजारास नाव आहे व त्यावर उपचारही आहे. ह्या पाठात त्या चौथ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

१. मनाचा आजार म्हणजे काय

दुःख हा आजार नव्हे. बाप वारला, पीक बुडाले, नोकरी गेली, तर मन खिन्न होणारच. न झाले तर आश्चर्य. अशा दुःखाला सोबत लागते आणि काळ लोटला म्हणजे ते हळूहळू सोसवू लागते. परंतु खिन्नता, भीती किंवा भ्रम जेव्हा दिवसेंदिवस टिकून राहतो, मनुष्याचे जेवण, झोप, काम व नाती बिघडवू लागतो आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेने तो हटत नाही, तेव्हा त्यास आजार म्हणावे. ताप आलेल्या मनुष्यास “ताप येऊ देऊ नकोस” असे आपण सांगत नाही. त्याचप्रमाणे नैराश्य आलेल्यास “मन घट्ट कर” असे सांगून काही साधत नाही, कारण ज्या मनाने घट्ट व्हावयाचे तेच दुखत असते.

हे आजार विरळ नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, तरी देशाचे चित्र कळण्यास ती उपयोगी आहे. प्रौढ माणसांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य व चिंता ह्यांसारख्या सामान्य आजारांच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे ८५ जणांस काहीच उपचार मिळत नव्हता. ह्याचा अर्थ, शंभर प्रौढ माणसांच्या मंडळीत दहाअकरा जण हे ओझे वाहत बसलेले असू शकतात, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

२. नेहमी आढळणारे आजार

नैराश्य. दोन आठवडे किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस व दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे, अथवा ज्यात पूर्वी गोडी होती त्यातील गोडी जाणे, ही ह्याची मुख्य खूण. त्याबरोबर झोप व भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण निकामी व अपराधी आहो असे वाटते आणि जगू नये असे विचार येतात. आमच्या खेड्यांत पुष्कळ जण “मी उदास आहे” असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, “अंग मोडून येते, डोके भणभणते, हातापायांना मुंग्या येतात.” डॉक्टर रक्त तपासतो, त्यात काही निघत नाही, ताकदीचे इंजेक्शन घेऊन मनुष्य घरी येतो आणि दुखणे तसेच राहते. बाळंतपणानंतर स्त्रियांस हा आजार होऊ शकतो. त्या वेळी सासरच्या मंडळींनी “नखरे करते” म्हणून तिला बोल लावू नये.

चिंतेचा आजार. काळजी सर्वांनाच असते. परंतु येथे काळजी मनुष्यास सोडीत नाही. छाती धडधडते, घशाशी आवळते, हात कापतात, घाम सुटतो. काहींना एकाएकी धडकीचा झटका येतो व आता प्राण जातो असे वाटते. पहिल्या झटक्यास हृदयाची तपासणी अवश्य करावी. हृदय निरोगी निघाले तर दुखणे खोटे ठरले असे समजू नये. तो मनाच्या भयाचा झटका असून त्यास उपचार आहे.

दारूचे व्यसन. हेही आता वैद्यक आजारातच धरते. पुष्कळ जण झोप यावी म्हणून पिऊ लागतात. दारूने प्रथम गुंगी येते, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते, दुसऱ्या दिवशी मन अधिक खचते व पुन्हा प्यावेसे वाटते. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्यास एकदम दारू तोडावयास लावली तर दोनतीन दिवसांत थरकाप, फेफरे किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून शपथ घ्यावयास लावण्यापूर्वी डॉक्टरास दाखवावे. पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली सुरू केले. औषधाबरोबर बोलणे व कुटुंबाचा सहभाग ह्यांचा उपयोग तेथे केला जातो.

स्किझोफ्रेनिया. हा आजार वरच्यांपेक्षा कमी आढळतो, पण कठीण. कोणी नसता आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री पटते, बोलणे विस्कळित होते. बाधा झाली असे लोक म्हणतात ते बहुधा ह्याच रोग्याविषयी. ह्यास औषध अवश्य लागते, आणि ते लवकर सुरू झाले तर पुढे पुष्कळ चांगले दिवस मिळतात. कॅनडातील कॅल्गरी येथे राहणारे प्राध्यापक जगन्नाथ वाणी ह्यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापिली. रोग्यांच्या घरच्यांनी एकत्र बसून एकमेकांस आधार द्यावा हे तिच्या कार्याचे एक अंग आहे.

३. कारखान्यांच्या मुलखात मन का थकते

मनाच्या आजारास एकच एक कारण नसते. काही अंशी तो घराण्यातून येतो, काही अंशी शरीरातून, काही अंशी परिस्थितीतून. पहिल्या दोहोंवर आपला इलाज थोडा. तिसरे मात्र नीट पाहिले पाहिजे.

प्रथम झोपेचा विचार करू. मनुष्याच्या शरीरात दिवसरात्रीचे घड्याळ आहे व ते उजेडावर चालते. अंधार पडला म्हणजे मेंदू झोपेचा रस सोडतो. उजाडले म्हणजे तो थांबतो. ज्याची पाळी दर आठवड्यास पहिली, दुसरी, तिसरी अशी फिरते, त्याचे घड्याळ एका जागी बसतच नाही. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा निजतो ती झोप बहुधा तोकडी व तुटक असते. त्यातून एका खोलीत चारसहा जण, कोणी कामावर निघालेला, कोणी कामावरून आलेला, वर पत्रा तापलेला. काही जण तर केवळ खाटेपुरते भाडे देऊन राहतात, त्यास तेथे “कॉट बेसिस” म्हणतात. महिनोन्महिने झोप अशी तुटली म्हणजे निरोगी मनुष्यही चिडखोर व उदास होतो. ज्याचे मन आधीच हळवे, तो आजारी पडतो.

दुसरे कारण अनिश्चिती. ठेकेदाराकडील नोकरी काही महिन्यांची. मग “ब्रेक” मिळतो आणि पुन्हा दारोदार फिरणे आले. गावी मात्र लोक समजतात, मुलगा कंपनीत आहे. बहिणीचे लग्न, विहिरीचे कर्ज, गाडीचा हप्ता ह्यांचा हिशेब त्याच्या पगारावर मांडलेला असतो. नोकरी गेल्याचे तो घरी सांगत नाही. त्याने फोन करणे सोडले तर गावी म्हणतात, “आम्हाला विसरला.” खरे तर पुष्कळदा तो लाजेने गप्प बसलेला असतो.

तिसरे कारण एकटेपणा. गावात मनुष्य कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी मामा असतो. आजारी पडला तर चार माणसे विचारावयास येतात. तेथे तो हजेरीपुस्तकातील एक क्रमांक होतो. आणि हे दुःख बाहेरून आलेल्यांचेच आहे असेही नाही. चाकणच्या आसपास ज्यांच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, त्यांच्या हाती एकदम पैसा आला, पण रोज पहाटे उठून शेतावर जाण्याचे कारण हरपले. पैसा असूनही मनुष्याचा दिवस रिकामा झाला म्हणजे त्या रिकामपणात दारू व खिन्नता शिरावयास वेळ लागत नाही.

४. बोलण्याचा उपचार कसा होतो

मानसोपचारात औषधे आहेत, तसाच बोलण्याचाही उपचार आहे. पुष्कळांस वाटते, नुसत्या बोलण्याने काय होणार? म्हणून तो कसा चालतो हे पाहू.

कल्पनेने एक उदाहरण घेऊ. पंचवीस वर्षांचा एक तरुण महाळुंग्यास खोली करून राहतो. ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे तो घरी पैसे कमी पाठवू लागला. प्रथम त्याने घरी फोन करणे कमी केले, मग मेसमध्ये जाणे टाळले, मग रविवारी मित्रांबरोबर बाहेर पडणे सोडले. आता कामावरून येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडतो. तो समुपदेशकाकडे गेला तर समुपदेशक त्यास उपदेश करीत नाही, कोणाचा दोष हेही ठरवीत नाही. तो प्रथम ऐकतो. मग तो म्हणतो, “पुढील आठवडाभर रोज कोणत्या वेळी काय केले व त्या वेळी मन कसे होते, एवढे वहीत लिहून आणा.”

वही पाहता दोघांच्याही ध्यानात येते की, येथे एक चाक फिरत आहे. मन उदास, म्हणून माणसांत जाणे बंद. माणसांत जाणे बंद, म्हणून चांगले असे काही घडत नाही. काही चांगले घडत नाही, म्हणून मन अधिक उदास. हे चाक मनाच्या बाजूने थांबविणे कठीण, परंतु कृतीच्या बाजूने हात घालता येतो. म्हणून पहिल्या आठवड्यास एवढेच ठरते: दिवसातून एक जेवण खोलीतील सोबत्याबरोबर घ्यावे आणि पाळीपूर्वी पंधरा मिनिटे चालून यावे. मन लागो वा न लागो, ठरलेले करावयाचे व वहीत मांडावयाचे. दुसऱ्या आठवड्यास बहिणीला फोन. तिसऱ्यास कर्जाचे आकडे कागदावर मांडून, कोणते आधी फेडावयाचे ह्याचा विचार. कृती लहान असते, पण ती नेमकी निवडलेली असते व तिचा पाठपुरावा केला जातो.

दुसरी रीत विचारांची आहे. हा तरुण मनाशी म्हणतो, “पैसे कमी पाठविले, म्हणजे मी निकामी मुलगा.” समुपदेशक विचारतो, “तुमच्या मित्राचा ओव्हरटाइम बंद झाला तर तुम्ही त्यास निकामी म्हणाल काय?” तो म्हणतो, “नाही.” मग स्वतःस एक माप व मित्रास दुसरे, हे त्याच्या ध्यानात येते. अमेरिकेत आल्बर्ट एलिस ह्यांनी १९५५ च्या सुमारास व ॲरन बेक ह्यांनी १९६० नंतर ह्या रीतीची पद्धतशीर मांडणी केली. एलिस ह्यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांपर्यंत आणण्याचे काम कि. मो. फडके ह्यांनी केले.

अशा बैठका बहुधा आठवड्यास एक अशा होतात. हे बोलणे गुप्त राहते. उतार पडावयास काही आठवडे लागतात, म्हणून एकदोन बैठकांत निराश होऊन सोडू नये. एका समुपदेशकाशी मन जुळले नाही तर दुसऱ्याकडे जाण्यात काही गैर नाही.

५. गोव्यात व अमरावतीत काय दिसून आले

ही रीत केवळ शहरातील शिकलेल्या लोकांसाठी आहे असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आमच्या शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांच्या संगाथ ह्या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक परीक्षा केली. ज्यांना तीव्र नैराश्य होते अशा सुमारे पाचशे रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे दोन गट केले. दोन्ही गटांस केंद्रातील डॉक्टरांची नेहमीची शुश्रूषा मिळाली. एका गटास तिच्या जोडीला सहा ते आठ बैठकांचा बोलण्याचा उपचार दिला; तो वर सांगितलेल्या कृतीच्या रीतीचा होता. हा उपचार देणारे डॉक्टर नव्हते व मानसशास्त्रज्ञही नव्हते. ती त्याच भागातील सामान्य माणसे होती; त्यांस ह्या कामाचे शिक्षण दिले होते व त्यांच्या कामावर देखरेख होती.

तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा, ज्यांस केवळ नेहमीची शुश्रूषा मिळाली होती त्यांपैकी शेकडा ३९ जणांचा आजार ओसरला होता. ज्यांस बोलण्याचा उपचारही मिळाला त्यांपैकी शेकडा ६४ जणांचा ओसरला होता. ही हकीकत २०१७ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. सर्व बरे झाले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. काहींना औषध व अधिक काळ लागतो. तरी एवढा फरक पडतो तो उपचार नव्हे असे कोण म्हणेल?

दुसरे उदाहरण विदर्भातील. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालविला गेला. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जाऊन ह्या आजारांविषयी बोलू लागले, पहिला आधार देऊ लागले व कठीण रोग्यांस डॉक्टरांकडे पोहोचवू लागले. आरंभी नैराश्याच्या शंभर रोग्यांत सुमारे चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने सुमारे २७ जण घेऊ लागले. गावात ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे असा मनुष्य बोलू लागला म्हणजे लाज कमी होते, हे त्यावरून कळते. उपदेशक व बायबलबाई हे गावात अशाच विश्वासाचे मानकरी असतात.

६. औषधांविषयी

नैराश्य तीव्र असेल, अथवा भ्रम होत असतील, तर औषध घ्यावेच लागते. ते देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. नैराश्याचे औषध लागू पडण्यास दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. पहिल्या आठवड्यात गुण दिसला नाही म्हणून ते टाकू नये, आणि बरे वाटू लागले म्हणूनही आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ह्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. चटक लागण्याचे भय आहे ते झोपेच्या काही गोळ्यांचे. त्या मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेण्याची चाल फार वाईट आहे.

७. प्रार्थना, भगत आणि साखळी

आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील, “विश्वास ठेवणाऱ्यास मनाचा डॉक्टर कशाला?” ह्याचे उत्तर पिंपरीच्या त्या पहिल्या कारखान्यातच आहे. न्यूमोनियास पेनिसिलीन घेतले म्हणून कोणाचा विश्वास उणा ठरला नाही. मेंदूही फुप्फुसाप्रमाणेच देहाचा भाग आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण सर्व जाणतो. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर ईजबेलीच्या धमकीने तो पळाला, सोबतच्या चाकरास मागे सोडले, रानात एका झुडपाखाली बसला व मरण मागू लागला. त्याचा विश्वास मेला होता असे शास्त्र म्हणत नाही. त्यास प्रथम काय मिळाले? झोप, भाकर व पाणी. आणि तेही दोनदा. मग होरेबात त्यास प्रश्न विचारला गेला व त्याने आपले गाऱ्हाणे सांगितले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच गाऱ्हाणे, आणि ते दोन्ही वेळा ऐकून घेतले गेले. त्यानंतरच त्यास काम दिले व अलीशा हा सोबती दिला. ह्या गोष्टीत मानसोपचार शिकविला आहे असा आमचा दावा नाही. परंतु खचलेल्या मनुष्यापुढे उपदेशाची घाई करू नये, एवढे तीवरून शिकता येते.

प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थनेच्या नावाने औषध बंद करविणे, रोग्यास उपाशी ठेवणे, मारणे, बांधणे ही घोर चूक आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याभोवती मनोरुग्णांस ठेवण्याची ठिकाणे होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांतील एकास आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे पळू शकले नाहीत आणि २८ जण जळून मेले. त्यांस तेथे नेऊन ठेवणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते. त्यांच्या मनात द्वेष नव्हता, केवळ दुसरा मार्ग त्यांस ठाऊक नव्हता. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत काढण्याच्या निमित्ताने मनुष्यास दोराने किंवा साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. मग ते करणारा भगत असो, मांत्रिक असो वा स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारा असो.

८. उपदेशकाने काय करावे

पहिले, ऐकावे. “तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत” असे म्हणू नये. “बाळा, किती दिवस झाले असे वाटते आहे?” एवढे विचारून गप्प बसावे. दोन प्रश्न विशेष उपयोगी आहेत: गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास असते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी गेली आहे काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर डॉक्टरांकडे जाण्याची गोष्ट काढावी.

दुसरे, गुप्तता पाळावी. प्रार्थनासभेत “अमक्याच्या मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा” असे जाहीर सांगितल्याने त्या घराचे दार कायमचे बंद होते. रोग्याच्या परवानगीवाचून नाव घेऊ नये.

तिसरे, जिवाचा धोका ओळखावा. कोणी म्हणाला, “मी नसतो तर बरे झाले असते,” तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नये. शांतपणे सरळ विचारावे, “तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय?” विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे, उलट, कोणीतरी विचारले म्हणून मन हलके होते. होय असे उत्तर आले तर त्यास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक व इतर घातक वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्या आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. हे गुपित मात्र राखावयाचे नसते; घरच्या विश्वासू माणसास सांगावे.

चौथे, स्वतःची मर्यादा जाणावी. गोव्यातील कार्यकर्ते शिकून व देखरेखीखाली काम करीत होते. आपले काम ओळखणे, धीर देणे, सोबत जाणे व पुढेही विचारपूस करीत राहणे हे आहे. पहिल्या भेटीस रोग्याबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसणारा मनुष्य फार मोठी सेवा करतो.

९. कोठे जावे व कायदा काय सांगतो

टेलिमानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, व मराठीत बोलता येते. पिंपरीस महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तसेच डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पुण्यास ससून रुग्णालय व येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथेही आहेत. येरवड्याचे नाव थट्टेत घेण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. ती सोडावी, कारण त्या थट्टेमुळेच कित्येक रोगी घरात कोंडून राहतात. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ज्याच्या पगारातून ईएसआयची रक्कम कापली जाते, त्याने आपले कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जावे. मनाचा आजार हाही तेथे दाखविण्याचा आजार आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याप्रमाणे सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, रोग्यास साखळीने बांधण्यास मनाई आहे, आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारासही विमा द्यावयाचा आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेला मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून चालावे व त्यास शिक्षा न करता उपचार द्यावा, असेही हा कायदा सांगतो. जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी अशा मनुष्यास रुग्णालयात नेण्यास विलंब लावू नये. तो विलंबच प्राण घेतो.

येत्या सुटीत चाकणहून, भोसरीहून, पिंपरीहून मुलगे घरी येतील. पगार किती हे त्यांस सर्वच विचारतील. झोप लागते काय, जेवण कोणाबरोबर होते, मनातले बोलावयास कोणी आहे काय, हे प्रत्येक घरातील एकाने तरी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

मननासाठी प्रश्न

१. दुःख व मनाचा आजार ह्यांतील भेद कोणत्या खुणांवरून ओळखावा?
२. फिरत्या पाळीचा झोपेवर व मनावर कसा परिणाम होतो?
३. उदासपणाचे चाक कृतीच्या बाजूने कसे थांबविता येते? उदाहरण देऊन सांगा.
४. गोव्यातील परीक्षेत उपचार देणारे कोण होते? त्यावरून आपल्या मंडळीने काय शिकावे?
५. रोज दारू पिणाऱ्यास ती एकदम तोडावयास लावण्यापूर्वी काय करावे, व का?
६. आपल्या मंडळीत रोग्याचे गुपित राखले जाते काय? जात नसल्यास कोणती चाल बदलावी?
७. आपल्या गावाहून सर्वांत जवळचे मनोविकारतज्ज्ञ कोठे आहेत, ह्याची चौकशी करून पुढील सभेत सांगा.